“सर, पाचच टाकायचं असतं”

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्षाच्या संगणक प्रात्यक्षिक परीक्षेसाठी मी बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो होतो. एका मुलाच्या चिठ्ठीत फॅक्टोरियलचा, म्हणजे एकपासून दिलेल्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराचा, प्रोग्राम आला होता. त्याने तो एकदाही न अडखळता टाइप केला, रन केला, पाच हा आकडा दिला आणि पडद्यावर १२० आले. मी त्याला आठ टाकून बघायला सांगितले. त्याने जरा नाखुशीनेच आठ टाकले आणि उत्तर आले उणे २५,२१६. एक ते आठ या धन संख्यांचा गुणाकार ऋण कसा आला, याचे त्याला काहीच वाटले नाही. त्याला नवल वाटले ते माझ्या आठाचे. अगदी समजावणीच्या सुरात तो म्हणाला, “सर, पाचच टाकायचं असतं.”

या उत्तरावर हसणे सोपे आहे, पण त्या मुलाच्या बाजूने पाहिले तर तो खरेच सांगत होता. त्याच्या जर्नलमध्ये पाच होते, त्याच्या आधीच्या बॅचच्या जर्नलमध्ये पाच होते, आणि ज्या जुन्या वहीवरून तो प्रोग्राम फळ्यावर उतरवून दिला गेला असेल तिच्यातही बहुधा पाचच असणार. त्याच्या लेखी संगणकाला प्रश्न विचारणे हा प्रकारच नव्हता. नाटकात जसे ठरलेल्या वाक्याला ठरलेले वाक्य येते, तसे पाचाला एकशेवीस येत होते. आठ टाकणारा परीक्षक म्हणजे मधेच संहितेबाहेरचे वाक्य म्हणणारा नट.

उणे २५,२१६ हे उत्तर आले कुठून, हे पाहणे मात्र त्या सगळ्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त शिकवणारे होते. त्या लॅबमध्ये निळ्या पडद्याचे टर्बो सी, म्हणजे सी भाषेतले प्रोग्राम लिहून चालवण्याचे सॉफ्टवेअर, होते. बोरलँड कंपनीने ते पहिल्यांदा १९८७ साली बाजारात आणले, आणि आजच्या मशीनवर ते चालवायचे तर डॉस या जुन्या संगणकप्रणालीचे सोंग घेणारे वेगळे सॉफ्टवेअर आधी चालवावे लागते. त्या टर्बो सीमध्ये साध्या पूर्णांकाला दोन बाइट जागा मिळते. दोन बाइटांत ६५,५३६ वेगवेगळ्या किमती मावतात. त्या उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंत वाटलेल्या असतात. सातचे फॅक्टोरियल ५,०४० आहे, ते सहज मावते. आठचे ४०,३२० आहे, ते मावत नाही. जुन्या मोटारसायकलचा किलोमीटरचा काटा सगळे नऊ झाल्यावर जसा शून्यावर येतो, तशी ही संख्या टोकाला जाऊन दुसऱ्या टोकातून बाहेर पडते, आणि ४०,३२० मधून ६५,५३६ वजा केले की उरतात बरोबर उणे २५,२१६. म्हणजे यंत्राने चूक केली नव्हती. त्याला दिलेल्या जागेत त्याने इमानदारीने हिशोब केला होता.

नव्या कंपायलरवर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरवर, हाच प्रोग्राम बारापर्यंत टिकतो, कारण तिथे पूर्णांकाला सहसा चार बाइट मिळतात. तेरा टाकले की मात्र बहुतेक वेळा १,९३,२०,५३,५०४ असे उत्तर येते. खरे उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे. टर्बो सीचे ऋण उत्तर निदान ओरडून सांगते की काहीतरी बिघडले आहे. हे दुसरे उत्तर धन आहे, मोठे आहे, दिसायला सभ्य आहे, आणि म्हणून जास्त घातक आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले, तेही एक मोठी संख्या अशाच सोळा बिटांच्या, म्हणजे दोन बाइटांच्या, जागेत कोंबण्याच्या प्रयत्नातून. त्या सॉफ्टवेअरचा तो भाग आधीच्या एरियान ४ साठी लिहिलेला होता, आणि तिथे तो आकडा कधी एवढा वाढतच नव्हता. थोडक्यात, तिथेही पाचच टाकायचे असायचे.

माझे म्हणणे एवढेच आहे की नवख्या विद्यार्थ्याला प्रोग्रामिंगचा पाया म्हणून आपण जे शिकवतो आणि तपासतो, ते उलट्या टोकाने धरलेले आहे. आपण त्याच्याकडून पहिल्या दिवसापासून प्रोग्राम लिहून घेतो, आणि लिहिता येत नाही म्हणून तो पाठ करतो. आधी त्याला प्रोग्राम वाचता आला पाहिजे. म्हणजे कागदावरचा दहा ओळींचा अनोळखी प्रोग्राम हातात घेऊन, मशीन न लावता, कोणत्या ओळीनंतर कोणत्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत ठेवायच्या नाव दिलेल्या जागेत, काय आहे हे त्याला सांगता आले पाहिजे. आणि परीक्षेतही निम्मे गुण या वाचण्याला असले पाहिजेत.

आताची पद्धत रुजली त्याला कारणे आहेत, आणि ती सगळी शिक्षकांच्या आळशीपणात शोधणे अन्यायाचे होईल. बॅच मोठी असते, चालू मशीन मोजक्या असतात, दोन तासांच्या प्रात्यक्षिकात लाइट एकदा तरी जाते, आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला ठरलेल्या तारखेपर्यंत वीस-पंचवीस प्रोग्रामचे जर्नल सही करून द्यायचे असते. अशा वेळी फळ्यावर प्रोग्राम लिहून देणे आणि मुलांनी तो उतरवून घेणे, हाच सर्वांच्या सोयीचा मार्ग ठरतो. जर्नल स्वच्छ असावे लागते. त्यात खाडाखोड चालत नाही. आउटपुट बरोबरच आलेले असावे लागते. प्रोग्रामिंग शिकणाऱ्याच्या हातून दिवसभरात सर्वांत जास्त जे घडते, म्हणजे चूक, तिची एकही खूण त्या वहीत राहू दिली जात नाही. स्वयंपाक शिकणाऱ्या मुलीला पहिल्या दिवसापासून फक्त गोल भाकरी दाखवायला सांगावे आणि फाटलेल्या, करपलेल्या भाकरी लपवायला लावाव्यात, तसे हे आहे. लपवायला लावले की ती एक दिवस शेजारणीची भाकरी आणून दाखवते.

इथे आपल्या भागातला एक आक्षेप हमखास पुढे येतो. पाठांतराला आणि सरावाला एवढे हिणवू नका, त्याच जोरावर लातूर पॅटर्न उभा राहिला, असे लोक म्हणतात. ते खोटे नाही. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईची मक्तेदारी मोडून काढणारा तो प्रयत्न होता, त्याच्या मागे शिक्षकांची अपार मेहनत होती, आणि आजही वैद्यकीय प्रवेशासाठी राज्यभरातली मुले लातूरला खोली करून राहतात. पण त्या सरावाचे नीट निरीक्षण केले तर त्यात शंभर वेगवेगळे प्रश्न सोडवून घेतलेले दिसतात, एकच प्रश्न शंभर वेळा उतरवलेला दिसत नाही. चुकलेला प्रश्न पुन्हा समोर येतो, का चुकला ते विचारले जाते. म्हणजे आपल्या संगणकाच्या लॅबमध्ये जे चालते ते लातूर पॅटर्न नव्हे. लातूर पॅटर्न तिथे खरोखर आणला असता, तर त्या मुलाने शून्यही टाकून पाहिले असते, उणे तीनही, आणि आठही.

आता वाचणे म्हणजे काय ते जरा जवळून बघू. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाईकाचे पान असते आणि दर व्यवहारानंतर शेवटची बाकी बदलते. प्रोग्रामचा कागदी सराव, ज्याला लॅबमध्ये ड्राय रन म्हणतात, तो तसाच आहे. कागदावर प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक रकाना आखायचा, ओळ एकेक करून पुढे जायचे, आणि किंमत बदलली की जुनी खोडून नवी लिहायची. पाचाच्या फॅक्टोरियलमध्ये गुणाकाराच्या रकान्यात क्रमाने १, १, २, ६, २४, १२० असे आकडे उतरतात. पहिले दोन १ का आले, असे एखादी मुलगी विचारते, तेव्हा समजावे की ती शिकू लागली आहे. पहिला १ हा आपण सुरुवातीला ठेवलेला असतो, दुसरा १ ने गुणून आलेला. सुरुवातीला १ ऐवजी ० ठेवले असते तर काय झाले असते, हा पुढचा प्रश्न मग आपोआप येतो. त्याला लॅब लागत नाही, लाइट लागत नाही, आणि तो प्रश्न विचारणारी मुलगी प्रोग्राम पाठ करण्याच्या भानगडीत पडत नाही, कारण तिला तो पुन्हा जुळवता येतो.

नवख्याची पहिली मोठी ठेच असते ती ‘क = क + १’ या ओळीशी. बारावीपर्यंत गणित शिकलेल्या मुलाला ही ओळ धडधडीत खोटी वाटते, आणि त्याचे बरोबरच आहे. गणितात कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी नसते. शिक्षक म्हणतात, हे असेच लिहायचे असते. पाठांतराची सुरुवात नेमकी इथून होते. वास्तविक हीच ओळ मराठीत सांगितली तर अडचण उरत नाही: क मध्ये जे आहे ते घे, त्यात एक मिळव, आणि आलेले उत्तर परत क मध्येच ठेव. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि संगणकही आधी उजव्या बाजूचा हिशोब करून शेवटी ठेवण्याचे काम करतो. भाषेचा आणि यंत्राचा क्रम इथे योगायोगाने जुळला आहे, आणि आपण मात्र ती ओळ इंग्रजीतून डावीकडून उजवीकडे वाचून मुलांना गोंधळात पाडतो.

असेच ‘जोपर्यंत-तोपर्यंत’चे आहे. ‘पोते भरत नाही तोपर्यंत ओतत राहा’ हे वाक्य खळ्यावर वाढलेल्या कोणत्याही मुलाला समजावून सांगावे लागत नाही, आणि व्हाइल नावाचे लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी रचना, म्हणजे नेमके हेच वाक्य आहे. अट आधी तपासायची, ती खरी असेतोवर काम करायचे, पोते आधीच भरलेले असेल तर एकदाही ओतायचे नाही. त्यातला ‘नाही’ हा शब्दसुद्धा जागच्या जागी आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण मराठी दर ठिकाणी मदतच करते असे नाही. ‘एस.टी.मध्ये महिला आणि ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे’ हे वाक्य आपण रोज बोलतो. ते जसेच्या तसे प्रोग्राममध्ये ‘आणि’ घालून लिहिले, तर सवलत फक्त ज्येष्ठ महिलांना मिळेल. सत्तर वर्षांच्या आजोबांना आणि वीस वर्षांच्या मुलीला पूर्ण तिकीट पडेल. बोलण्यातला ‘आणि’ इथे यंत्राचा ‘किंवा’ आहे. हा फरक ज्याला एकदा स्वतःच्या चुकीतून कळला, तो शासनाचा निर्णयही अधिक सावधपणे वाचू लागतो, असा माझा अनुभव आहे.

मराठवाड्यात भाषेचा प्रश्न नवा नाही. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता, आणि १९१८ साली तिथे स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने शिक्षणाचे माध्यम म्हणून इंग्रजीऐवजी उर्दू निवडली. शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले गेले. भारतीय भाषेतून विज्ञानाचे उच्च शिक्षण देता येते हे त्या विद्यापीठाने करून दाखवले, आणि त्याच वेळी मराठी घरातल्या मुलांसाठी तीही परकीच भाषा होती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ही दुहेरी कसरत केली आहे. म्हणून मला भाषांतराचा आग्रह धरावासा वाटत नाही. व्हेरिएबलला ‘चल’ आणि प्रोग्रामला ‘आज्ञावली’ म्हटल्याने कोणाला काही जास्त समजते, असे मी अजून पाहिलेले नाही. व्हेरिएबलला व्हेरिएबलच म्हणावे, लूपला लूप म्हणावे, पण त्यात काय घडते ते मराठीत बोलावे, मराठीत भांडावे, आणि उत्तरपत्रिकेत मराठीत लिहिले तर गुण कापू नयेत.

मराठी आणि संगणक यांच्यामधली एक गंमत मी वर्गात नेहमी दाखवतो. उलटसुलट सारखा वाचता येणारा शब्द ओळखण्याचा प्रोग्राम प्रत्येक जर्नलमध्ये असतो. त्याला ‘कडक’ दिला की तो होकार देतो, ‘सरस’ दिला तरी होकार देतो. ‘नवजीवन’ दिला की नकार देतो. मुले चक्रावतात, कारण न-व-जी-व-न हा शब्द कोणीही उलटा वाचून बघावा. कारण असे की पायथनसारख्या भाषेत युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला, ‘जी’ हे एक अक्षर नसून ‘ज’ आणि दीर्घ ईकाराची वेलांटी अशी दोन चिन्हे असतात. शब्द उलटा केला की वेलांटी ज च्या आधी येते आणि जुळणी मोडते. त्याच हिशोबाने ‘मराठी’ हा आपल्याला तीन अक्षरांचा वाटणारा शब्द यंत्राच्या मोजणीत पाच भरतो. यात प्रोग्राम चुकला की व्याख्या चुकली, यावर पुढचा तास आरामात जातो. पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांवर हा प्रश्न कधी पडलाच नसता. आपल्या भाषेतला मजकूर घातल्यामुळे आठ टाकल्यासारखे झाले.

कोणत्या भाषेपासून सुरुवात करावी, हा वाद पालक आणि क्लासवाले फार हिरिरीने घालतात. मी त्यावर फार वेळ घालवणार नाही. पायथन १९९१ साली आली, सी त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी. दोन्हींत आज जगाचे काम चालते आहे. नवख्याला पायथन सोपी जाते, कारण छापण्यासाठी एक ओळ पुरते आणि पूर्णांक कितीही वाढला तरी मावतो. पण तिथेही सापळे आहेतच. कीबोर्डवरून घेतलेली प्रत्येक गोष्ट पायथन आधी मजकूर समजते, त्यामुळे दोन पोत्यांची ५१ आणि ४९ किलो ही वजने ‘मिळवली’ तर उत्तर १०० न येता ५१४९ येते. मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करायला सांगितले की ती १०० देते, आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे वजने देवनागरी अंकांत लिहून दिली तरी तिला ओळखता येतात. माझ्या मते सुरुवात पायथनने करावी आणि काही महिन्यांनी हेच प्रोग्राम सीमध्ये करून, जागा संपली की काय होते ते दाखवावे. फक्त ती सी टर्बो सी नसावी. १९८९ साली सीचे पहिले अधिकृत प्रमाण ठरले त्याच्याही आधीची ती हत्यारे आहेत. त्यांवर शिकलेला मुलगा पुण्यात नोकरीच्या चाचणीला बसतो तेव्हा पडदा पुसण्याची त्याची नेहमीची पहिली ओळच तिथला कंपायलर नाकारतो, आणि मुलाला वाटते की आपल्याला काहीच येत नाही.

दुसरा आक्षेप ताजा आहे. २०२२ च्या अखेरीपासून चॅटजीपीटी आणि तशी साधने सर्वांच्या हातात आली, आता प्रोग्राम तीच लिहून देतात, मग हा पाया खणत बसायचा कशाला? मला वाटते या साधनांमुळे पाठांतराचा उरलासुरला उपयोग संपला, आणि वाचण्याची गरज मात्र कितीतरी वाढली. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या खरिपात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. समजा एखाद्या खरेदी केंद्राचा प्रोग्राम कोणीतरी अशा साधनाकडून लिहून घेतला आहे आणि त्यात १२ हा आकडा चार ठिकाणी नुसता लिहिलेला आहे. नियम बदलला. तीन ठिकाणी १५ केले, चौथे राहून गेले. शेतकऱ्याची पावती एक सांगते आणि गोदामातली यादी दुसरेच. ही चूक शोधायला प्रोग्राम लिहिता येण्याची फारशी गरज नाही; वाचता येण्याची आहे. आणि मर्यादेला सुरुवातीलाच एक नाव देऊन एकाच जागी ठेवावे, हे शहाणपण व्हेरिएबल म्हणजे काय हे ज्याला खरोखर कळले आहे, त्यालाच सुचते. साधन ते कधी करते, कधी करत नाही; केले आहे की नाही, हे बघणारा कोणीतरी असावा लागतो.

शाळांबद्दल थोडेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकपूर्व टप्प्यापासून, म्हणजे सहावीपासून, कोडिंगचा उल्लेख आहे, आणि त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणक नाहीत, आहेत ते बंद आहेत, ही चर्चा सुरू होते. ती रास्त आहे. पण सहावीच्या मुलांना रकान्यांचा तक्ता आखून व्हेरिएबलच्या किमती बदलायला लावण्यासाठी खडू आणि फळा पुरतो. कोरोनाच्या काळात लहान मुलांना कोडिंग शिकवून लाखोंची स्वप्ने विकणाऱ्या जाहिरातींपेक्षा तो खडू जास्त प्रामाणिक आहे.

राहिला परीक्षेचा प्रश्न, आणि खरी गोम तिथेच आहे, कारण आपल्याकडे जे तपासले जाते तेच शिकवले जाते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या चिठ्ठीतले प्रोग्राम वर्षानुवर्षे तेच असतात. त्याऐवजी परीक्षकाने स्वतः लिहिलेला, कुठल्याही जर्नलमध्ये नसलेला, दहा-बारा ओळींचा छापील प्रोग्राम मुलांना द्यावा. त्यात एक चूक मुद्दाम ठेवावी. मशीन लावण्याआधी आउटपुट काय येईल ते कागदावर लिहून घ्यावे. मग मशीनवर चालवून स्वतःचे आणि यंत्राचे उत्तर का जुळले नाही, हे मराठीत चार ओळींत मागावे. अंदाज चुकला आणि कारण बरोबर सांगितले, तर पूर्ण गुण द्यावेत. जर्नलला सही करताना त्यात चुकांची पाने आहेत का, ते बघावे. यासाठी नवा निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. परीक्षकाला मात्र आदल्या रात्री तासभर बसावे लागते, आणि याच कारणाने हा बदल अवघड जाईल अशी मला धास्ती आहे. तपासायला वेळ लागतो हेही खरे. पण पंचवीस जर्नलांतली एकसारखी पंचवीस उत्तरे तपासणे याला तरी तपासणे कशाला म्हणायचे?

मी हे एका ठिकाणी, विभागप्रमुखांच्या परवानगीने, करून पाहिले. तिथे नेमक्या पहिल्या वर्षाच्या मुली जास्त होत्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा रोज एस.टी.ने येणाऱ्या, म्हणून तिकिटाचाच प्रोग्राम लिहून नेला. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी गाठलेल्या ज्येष्ठांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. माझ्या कागदावर अटी अशा होत्या: प्रवासी महिला असेल तर अर्धे तिकीट, नाहीतर वय ७५ पेक्षा जास्त असेल तर शून्य, नाहीतर वय ६५ पेक्षा जास्त असेल तर अर्धे, नाहीतर पूर्ण. सोबत प्रश्न होता, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या महिलेला किती पैसे पडतील, आणि ते बरोबर आहे का? बहुतेकींनी पहिल्या भागाचे उत्तर बरोबर लिहिले, अर्धे तिकीट, आणि दुसऱ्या भागात ‘हो’ असे लिहून मोकळ्या झाल्या. प्रोग्रामने सांगितले म्हणजे बरोबर.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, “हे चुकलंय सर. माझी आजी दर महिन्याला दवाखान्यात जाते, तिला कंडक्टर पैसेच मागत नाही. मशीनमधून शून्याचं तिकीट निघतं.” मी म्हटले, मग प्रोग्राममध्ये काय करावे लागेल? तिने थोडा वेळ कागद न्याहाळला आणि दुसऱ्या अटीपासून पहिल्या अटीच्या वरपर्यंत एक बाण काढला. वयाची अट आधी, महिलेची नंतर. यंत्र वरून खाली येते आणि पहिली खरी ठरलेली अट पकडून थांबते, हे तिला कोणी वेगळे सांगितले नव्हते. तिने आजीला त्या रांगेतून चालवून पाहिले होते.

मी कागद परत घेणार तेवढ्यात तिने विचारले, “आणि सर, बरोबर पंच्याहत्तर वय असेल तर? इथे ‘पेक्षा जास्त’ लिहिलंय.”

पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. माझ्या प्रोग्रामने त्यांच्याकडून अर्धे तिकीट घेतले असते. ती चूक मी मुद्दाम ठेवलेली नव्हती.